समुद्र गेल्यावर किती लांब?

वच्छे, तुला उचलायला चौघं पुढे झाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उचलू नका गा तिले. राग येते तिले."

अंगणातले सगळे माझ्याकडे वळले. कोणी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कोणी पाण्याचा गिलास आणला. म्हातारी भ्रमली, असं सगळ्यांना वाटलं. मी काही भ्रमले नव्हते. मी तुझी वहिनी, एका घरात आपण जन्म काढला. तुला काय चालतं आणि काय चालत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उपास चालायचा, टोमणा चालायचा, माझ्या हातची करपलेली भाकर चालायची. उचलून नेलेलं चालायचं नाही. आणि त्या दिवशी तुला उचललं, नागपुरातल्या नंदनवनच्या आपल्या गल्लीतून पार कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत नेलं, आणि तू एका शब्दानं भांडली नाहीस. तेव्हा मला खरं पटलं की तू गेलीस.

काल तेरवी झाली. घरात अजून बुंदीचा वास आहे. माणसं येऊन सांगून गेली की वच्छलाबाई किती सोशिक, किती शांत. मी मान हलवत होते आणि पदराआड हसत होते. शांत! जिनं माझ्याशी एका खोलीवरून चाळीस वर्षं भांडण चालू ठेवलं, ती शांत? खोली तरी आपल्या मालकीची होती का? समुद्रातल्या एका बेटावरची, थोड्या दिवसांच्या भाड्याची. ते भांडण अर्धंच राहिलंय. आता तुला मधेच तोंड घालता येत नाही, म्हणजे माझ्यासाठी ही नामी संधी. तेव्हा ऐक.

साठ-पासष्ट सालच्या सुमाराला मी या घरात आले, तेव्हा आपण जुन्या वस्तीत राहायचो आणि गल्लीत घरोघरी माग होते. सकाळी या टोकाच्या खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत उभं सूत ताणलं जायचं, त्याला खळ लागायची, आणि घरातली झाडून सगळी माणसं त्या ताण्याच्या दोन्ही अंगांनी कुंचे मारत येरझारा घालायची. आपल्याकडे लांबी मोजायची ती ताण्यात. किराणा दुकान एक ताणा, नळ दीड ताणा. सगळे चालायचे, तू सोडून. लहानपणच्या तापानं तुझा डावा पाय बारीकच राहिला होता. तू ओट्यावर चरख्याशी बसून पोकळ नळ्यांवर सूत गुंडाळायचीस, कांड्या भरायचीस आणि चालणाऱ्यांना नावं ठेवायचीस.

मी मॅट्रिक पास सून. माझ्या डोक्यात माया आणि अक्कल दोन्ही काठोकाठ भरलेली. पहिल्याच आठवड्यात मी तुझ्यापुढे वाकून, लहान लेकराशी बोलावं तशी म्हणाले, "वच्छलाताई, पाणी आणून देऊ का?"

तू कांडीवरून नजरसुद्धा उचलली नाहीस. "हात माझे शाबूत हायेत, वहिनी. तूच पिऊन घे. बोलून बोलून घसा सुकला तुझा."

सासूबाई हसल्या, तुझा दादा हसला, मी रडले. काय ध्यान होते गं मी! माझ्या दयेला कोणी नको म्हणू शकतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दादाच्या पाठंगुळीवर बसून तू शाळेत गेलीस, जत्रेत गेलीस, मामाच्या लग्नाला उमरेडला गेलीस. मोठी झाल्यावर एक दिवस "आता पुरे" म्हणालीस आणि पुन्हा कोणाच्या पाठीवर बसली नाहीस. त्यानंतर तुझं जग दोन ताण्यांएवढं झालं. त्यापलीकडे गेलं की कंबर धरायची. माझ्या पोरांना तू अंगाखांद्यावर वाढवलंस, पण बसूनच. लग्नाकार्याची बोलावणी यायची, तू म्हणायचीस, "जा तुम्ही, मी घर पाहातो." आम्ही जायचो. तुला आवडत नसेल, असं समजून जायचो.

मग दादा ज्या तारऑफिसात नोकरीला होता, तिथला त्याचा तो दोस्त आला. तारखात्यातून त्याची पोर्ट ब्लेअरला बदली झाली होती. रजेवर आला की चहाला यायचा आणि समुद्राच्या थापा मारायचा, निदान मला त्या थापाच वाटायच्या. ऐंशी उलटलं होतं तेव्हा. त्यानं पिशवीतून एक मोठा काचेचा चष्मा काढला, नाकासकट झाकणारा, आणि त्याला लावलेली वाकडी नळी. म्हणाला, "हे लावायचं, पाण्यावर पालथं पडायचं, नळी तोंडात धरून श्वास घ्यायचा. खाली बगीचा दिसते, वहिनी. पोवळ्याचा बगीचा. अन् मासे तर असे, जसे कोणी रंगात बुडवून सोडले."

तू चरखा थांबवलास. मी बघितलं ते. गप्पांसाठी तू चरखा कधी थांबवत नसायचीस.

"नळी काय, कांडीच आहे ही," तू म्हणालीस. मग हळूच विचारलंस, "पाय लागत नाहीत?"

"कशाले? पाणीच धरून ठेवते. थोडे हलवले तरी झालं."

"मले पोहता येते," तू म्हणालीस.

मी फसकन हसले. हे माझ्या मूर्खपणाच्या यादीत बरंच वर आहे. पण सासूबाईंनी सांगितलं, खरंच येतं म्हणून. उमरेडला मामानं पाठीला रिकामा डबा बांधून तुला विहिरीत सोडलं होतं आणि पंधरवड्यात तू डबा फेकून दिला होतास. पोरगी वयात आली तसं विहिरीवर जाणं बंद झालं. "पाण्यात असली की वळखू येत नव्हती," सासूबाई म्हणाल्या, "का हीच ते म्हणून."

त्या दिवसानंतर तू दादाच्या मागं लागलीस. त्याला सरकारी एलटीसी, म्हणजे घरच्यांच्या प्रवासाची सवलत, मिळायची, ती दर वेळी काशी नाहीतर मथुरा करून संपायची. साहेबांनी सांगितलं, अविवाहित बहीणही चालते, फक्त तिला "पूर्णतः अवलंबित" असं लिहावं लागेल. तू दोन दिवस दादाशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "ल्ही बाप्पा काय ल्हायचं ते. समुद्राले थोडीच वाचता येते."

तुझी अट मात्र एकच होती, आणि ती तू मला एकटीला सांगितलीस. "वहिनी, राहायची जागा अशी पाह्य, की तिथून पाण्यात मी माझ्या पायानं जाईन. अन् तिथं खाली बगीचा असला पाह्यजे. दादाच्या पाठीवर बसून मले समुद्र नाही पाहायचा. तसा पाहायचा असन तर मी घरीच बरी."

"ते माझ्यावर सोड," मी म्हणाले. वच्छे, जगात जेवढे घोटाळे झाले असतील, त्यातले निम्मे या तीन शब्दांनी झाले असतील.

तयारी म्हणून आपण दोघींनी मागच्या अंगणातल्या टाक्यात सराव केला, आठवतं? सूत भिजवायचं टाकं ते. मी चष्मा लावून तोंड पाण्यात घातलं, आणि नळीचं तोंडही पाण्यातच राहिलं. मी अशी काही ठसकले की सासूबाई देवघरातून धावत आल्या. सून टाक्यात डोकं घालून तडफडतेय आणि पोरगी शेजारी बसून पोट धरून हसतेय! त्यांनी दादाला सांगितलं, "दोघींलेही घेऊन जा, पण एकच परत आण. शहाणी असन ते."

आगगाडीनं मद्रास, पुढं जहाज. जहाजावर दादा आडवा झाला तो पोर्ट ब्लेअरलाच उभा राहिला. तू मात्र कठड्याशी खुर्ची टाकून बसलीस. जहाज हलत होतं, सगळी धडधाकट माणसं झोकांड्या खात होती, आणि तू म्हणालीस, "पाह्य वहिनी, आता सगळेच माह्यासारखे चालून राहिले."

दादाच्या दोस्तानं आपल्याला तीन चष्मे दिले आणि छोट्या बोटीनं एका बेटावर पाठवलं. हॉटेल म्हणावं असं तिथं काहीच नव्हतं. त्यानं जागा सांगितल्या तीन. टेकाडावरचं सरकारी विश्रामगृह. नारळीच्या बनात किनाऱ्याला लागून असलेलं एका बंगाली काकूचं घर. आणि बोटींच्या धक्क्यामागं, खोबरं साठवायच्या गोदामाला चिकटलेली एक खोली. "जाऊन पाहा आणि ठरवा," म्हणाला. ठरवणार कोण? मी. मॅट्रिकच्या भूगोलात पहिली आलेली.

आपण पोचलो तेव्हा दुपार कलत होती. विश्रामगृह पाहताच दादा खूश झाला. मच्छरदाणीचे पलंग होते आणि खानसामा मटण चांगलं करतो असं कळलं होतं. पण तिथून समुद्रापर्यंत दगडी पायऱ्यांची उतरंड. तू वर बघितलंस, खाली बघितलंस. मी म्हणाले, "रद्द."

मग काकूचं घर. वच्छे, मी आता एवढी म्हातारी झाले, पण तशी जागा पुन्हा पाहिली नाही. ओटा शेणानं सारवलेला. ओट्याखाली वाळू आणि वाळूवर लगेच पाणी. नारळाच्या मुळांना समुद्र चाटत होता. मी ओट्यापासून पाण्यापर्यंत चालून आले आणि जाहीर केलं, "एका ताण्याच्याही आत!" काकूनं विचारलं, "पसंद?" मी दादालाही न विचारता म्हणाले, "पसंद!" तू ओट्याच्या कडेला बसलीस, पाय खाली सोडलेस. एक लाट आली आणि तुझ्या त्या बारीक पायाच्या बोटांना लागून गेली. तू पाय वर घेतला नाहीस. त्या संध्याकाळी मी स्वतःवर इतकी खूश होते की आरशात पाहून भांग दोनदा पाडला.

सकाळी उठून मी बाहेर आले आणि किंचाळले.

समुद्र नव्हता.

"अहो उठा! समुद्र गेला!" मी दादाला हलवलं.

तो डोळे चोळत आला. "कुठी जाईन? काल तर इथंच होता वं."

काल इथंच होता, आज नव्हता. जिथं पाणी होतं तिथं चिखल, काळे खडक, मेलेल्या पोवळ्याचे धारदार गोटे, आणि त्यातून तुरुतुरु पळणारे खेकडे. होड्या कुशीवर लवंडलेल्या. पाण्याची चमक दिसत होती, पण ती पार तिकडे. आपण नागपूरची माणसं. आपला फुटाळा तलाव उन्हाळ्यात आटतो, गांधीसागर हिरवा पडतो, पण आपलं पाणी कधी सकाळी उठून निघून जात नाही. जागा पाहताना पाणी कुठं आहे एवढंच आपण पाहिलं. ते तिथंच राहणार आहे का, हे विचारायचं आपल्याला सुचलंच नाही. तलावाकाठी घर पाहावं, तसं आपण समुद्राकाठी घर पाहिलं.

आणि मी कोण? भरती-ओहोटीच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी. चंद्राच्या आकृतीसकट. तो चंद्र नागपूरच्या पाण्याला कधी ओढत नव्हता, म्हणून मी त्याला पेपरातच ठेवून आले होते.

तू ओट्यावर बसून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "वहिनी, तुले पाहून पळाला वं तो."

पण हसून झाल्यावर तू उठलीस. चष्मा गळ्यात अडकवलास, दादाचा जुना सदरा लुगड्यावर चढवलास आणि त्या गोट्यांवरून निघालीस. थोडं गेलीस आणि तुझा पाय घसरला. तळव्याला चिरा पडल्या. दादा धावला, पाठ करून तुझ्यापुढे बसला. "ये, बस पाठंगुळी. इथं कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली ना," तू म्हणालीस.

"वच्छे, हट्ट नको करू. इतक्या दूर आलो आपण."

"दादा, उठ. मी पाण्यासाठी आली, पाठीसाठी नाही."

दादा उठला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. लहानपणापासून त्याच्यापाशी तुला द्यायला तेवढी एकच गोष्ट होती, ती तू नाकारलीस. तू परत आलीस ती खडकांना धरत, बसत, सरकत, पण आपली आपण. ओट्यावर पाय धुतलेस आणि म्हणालीस, "दुपारी येते पाणी, काकू म्हणते. येईन तेव्हा जाईन."

दुपारी पाणी आलं. तू दोन पावलांत पाण्यात शिरलीस. मी ओट्यावरून ओरडून विचारत होते, "दिसला का बगीचा?" खूप वेळानं तू डोकं वर काढलंस. तुला दिसली होती वाळू, वाळूतली गढूळ रेघ आणि दादाची सकाळी चिखलात रुतून राहिलेली चप्पल. बगीचा लांब होता, जिथं खडक संपून पाणी खोल होतं तिथं.

"चालते," तू म्हणालीस. "पाणी आहे ना."

"नाही चालत," मी म्हणाले.

आणि तिथं आपलं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं, जागा सोन्यासारखी आहे, पाणी रोज येतं, आपण थांबू; मी हळूहळू रोज थोडी पुढं जाईन. माझं म्हणणं, परतीची बोट थांबणार नाही. तू म्हणालीस, "तुले दम नाही, वहिनी." मी म्हणाले, "अन् तुले बसायची सवय झाली. बसायलेच यायचं होतं तर नागपुरात काय वाईट होतं?"

बोलल्यावर मलाच चटका बसला. तू समुद्राकडे पाहत राहिलीस. मी चपला घातल्या आणि तशीच निघाले, नवी जागा शोधायला. म्हणशील मी रागानं गेले. तुझ्यापुढे उभं राहायची सोय उरली नव्हती, म्हणून गेले.

संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं बेट पालथं घातलं. ज्या घरापुढे जायचे तिथं एकच प्रश्न, "समुंदर जाने के बाद कितना दूर रहता?" बायका माझ्याकडे बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. एकीनं मला बसवून नारळपाणी पाजलं, ऊन लागलं असेल म्हणून. पण मी प्रत्येक जागा पाणी असताना पाहिली आणि पाणी नसताना पाहिली. हे मी आजवर कोणत्याही गोष्टीत केलं नव्हतं. नवरासुद्धा एकदाच पाहिला होता, तोही दिवा लागल्यावर.

शेवटी धक्क्यामागची ती गोदामाची खोली. वच्छे, काय वास होता! खोबरं, डिझेल आणि उंदीर. खिडकी एकच, तीही गोदामात उघडणारी. पण खोलीच्या दारातून लाकडी फळ्यांचा धक्का सुरू व्हायचा आणि खडकांच्या वरून सरळ खोल पाण्यापर्यंत जायचा. सपाट, एका बाजूला धरायला दोर, टोकाला शिडी. भर ओहोटीलाही शिडीच्या खालच्या पायऱ्या पाण्यात. मी पालथी पडून फळीच्या फटीतून पाहिलं, तर धक्क्याच्या खांबांभोवती जांभळं, पिवळं काहीतरी हलत होतं. मग मी उठले आणि चालून पाहिलं. या वेळी माझ्यासारखं नाही, तुझ्यासारखं. डावा पाय ओढत, कंबरेवर हात ठेवून. दीड ताणा. कोळ्यांची दोन माणसं जाळं सोडून माझ्याकडे बघत राहिली. बघू देत.

काकूचं घर सोडताना तू फुगलेली होतीस. दादा विश्रामगृहाच्या मटणासाठी फुगलेला होता. दोघं बहीणभाऊ खोलीच्या दारात नाकाला कापड लावून उभे राहिलात. "वहिनी," तू म्हणालीस, "सोनं सोडून तू मले गोदामात आणलं."

"चष्मा लाव," मी म्हणाले.

तू निघालीस. दोराला धरून, तुझ्या चालीनं. दादा मागं मागं जायला लागला तसा मी त्याचा सदरा धरून ठेवला. शिडीपाशी तू बसलीस, उलटी वळलीस आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी खाली गेलीस. जन्मभर चरखा फिरवलेले हात तुझे. मग पाण्यावर पालथी पडलीस, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या ते खरं झालं. ओळखू येईनास. पाय दोन्ही मागं लांब झालेले, त्यातला बारीक कोणता आणि धड कोणता ते कळेना. ती नळी तेवढी वर, आणि ती पुढं पुढं चाललेली, सरळ, कुठंही न लचकता. अठरा-वीस वर्षं मी तुला बघत होते आणि तुझी चाल मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

मागं आम्हीही उतरलो, आमची फजिती तू नंतर पोरांना रंगवून सांगायचीस. दादाच्या मिशीमुळं चष्म्याला फट राहायची आणि पाणी आत शिरायचं. मिशी काढ म्हटलं तर म्हणाला, "मासे पाहायले मिशी काढू? ऑफिसात काय सांगू?" आणि मी, जागोजागी पिना टोचलेल्या टेरिकॉटच्या साडीत. पाण्यात उतरले तशी साडी छत्रीसारखी फुगून वर आली आणि मी शिडीला घट्ट धरून तिच्यात गुरफटले. कशीबशी एकदा मान खाली घातली. एक हिरवा-निळा मासा माझ्या काचेपुढं येऊन थांबला, मला नीट न्याहाळून निघून गेला. सासरी आल्यावर पहिल्या दिवशी तू बघितलं होतंस ना, अगदी तसाच.

तू खूप वेळानं आलीस. शिडीच्या खालच्या पायरीवर बसलीस, कमरेइतकी पाण्यात. चष्म्याची खूण चेहऱ्यावर उमटलेली. मी विचारत होते, काय दिसलं, काय दिसलं? तू आधी रंगांचं बोललीस. "हिरव्यात जांभळं, वहिनी. अन् त्याले पिवळी किनार. असं कोण विणते वं?" मग चष्म्यातलं पाणी निथळवलंस. आणि म्हणालीस,

"वहिनी, खाली कोणीच चालत नाही वं. सगळे आपले जाऊन राहिले."

दादा तोंड फिरवून मिशी पुसत बसला. खारं पाणी गेलं असेल डोळ्यांत.

नंतरचे दिवस तू पाण्यातच होतीस. खोलीला वास येतो, हेसुद्धा तू विसरलीस. मला वाटलं, मी जिंकले. पण शेवटच्या संध्याकाळी काकूचा निरोप घ्यायला आपण गेलो, तर समुद्र पुन्हा नारळाच्या मुळांशी आलेला. तू ओट्यावर बसलीस, पाय पाण्यात सोडलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आला ना परत? मी म्हटलं होतं."

तिथून भांडण जे सुरू झालं ते संपलंच नाही. पोळा असो, संक्रांत असो, मधेच तू म्हणायचीस, "काकूच्या घरीच राहायले पाह्यजे होतं." मी म्हणायचे, "मग चप्पलच पाहत बसली असतीस." नंतर दादा गेला, माग गेले, आपण नंदनवनात आलो, पोरांची पोरं झाली, तरी तेच. लहान नातवानं एकदा विचारलं, "आजी, हे काकूचं घर कुठी आहे? आपल्या मनीषनगरले का?"

आपल्या घरातल्या शेवटच्या मागावर तू हट्टानं एक लुगडं विणवून घेतलंस, हिरव्यात जांभळं, पिवळ्या किनारीचं. व्यापारी म्हणाला, असले रंग कोण नेसते? त्यानं परत केलं, मी ठेवून घेतलं. तू गेलीस त्या दिवशी तुझ्या अंगावर घालायला म्हणून मी ते कपाटातून काढलं होतं. हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. नाही दिलं तुला. तू खरं पाहिलं होतंस. माझ्यापाशी तेवढंच आहे.

लोक म्हणतात, तुम्ही तिला समुद्र दाखवलात, वहिनी, पुण्य लागेल. त्यांना काय माहीत! त्या सहलीनंतर आपल्या घरात तुला विचारल्याशिवाय कोणी कुठं निघालं नाही. कोणत्याही लग्नाचं बोलावणं आलं की मी आधी विचारायचे, मांडव रस्त्यापासून किती ताणे? पायऱ्या किती? आणि तू यायचीस, तुझ्या चालीनं, सगळ्यांत शेवटी, आणि नवरीपेक्षा जास्त लोक तुझ्याभोवती बसायचे. तुझ्यासाठी जागा पाहता पाहता मला दुसऱ्याच्या पायानं चालून पाहता आलं. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "घसा सुकला तुझा. पाणी पी."

आता माझे गुडघे गेलेत, वच्छे. अंगणातून गेटापर्यंत जायचं तर नातू म्हणतो, "आजी, उचलून नेऊ का?" मी त्याच्यावर अशी खेकसते की तो दोन पावलं मागं सरतो. आवाज माझाच असतो, पण त्यात तू असतेस.

तर आता ऐक, तू आधी पोचली आहेस. जागा बघून ठेव. दादा तिथं केव्हाचा आहे, त्याचं मुळीच ऐकू नकोस. तो खानसाम्याची चौकशी करून मोकळा झाला असेल. तू स्वतः बघ, आणि एकदा पाहून पसंद म्हणू नकोस. पाणी असताना बघ, पाणी गेल्यावर बघ. माझ्यासारखी चालून बघ, डावा-उजवा दोन्ही गुडघे धरून. एका ताण्याच्या आत असू दे, दीड आता जमायचा नाही. उतरायला शिडी असू दे.

आणि तुझ्या त्या काकूसारखं घर मिळालं, ओट्याला पाणी लागलेलं, तर घेऊन टाक. सकाळी समुद्र गेलाच, तर या वेळी मी नवी जागा शोधायला निघणार नाही. तुझ्या शेजारी बसेन, दुपारपर्यंत.